सनद आणि बार परीक्षा: कोकणातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड आणि गोव्याला लागून असलेल्या तालुक्यांतून वकिलीत येऊ पाहणारी मुले-मुली, त्यांचे पालक आणि निवृत्तीनंतर एलएलबी झालेली वडीलधारी मंडळी जे प्रश्न पुन:पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. मुंबईत राहणाऱ्या उमेदवाराचा एखादा कागद राहिला, तर तो दुपारच्या लोकलने जाऊन देता येतो. देवगडच्या किंवा गुहागरच्या उमेदवाराची त्याच चुकीपायी दोन रात्रींची खेप होते आणि कधी कधी सनदेची तारीखच महिनाभर पुढे जाते. ही तारीख किती मोलाची आहे, हे प्रश्न १८ मध्ये दिसेल. उत्तरे जरा सविस्तर आहेत, ती याच कारणाने.

१. सनद म्हणजे नेमके काय? बार परीक्षा पास झालो की सनद मिळाली असे समजायचे का?

नाही. पदवी, सनद आणि वकिली प्रमाणपत्र हे तीन वेगवेगळे कागद आहेत आणि ते तीन वेगवेगळ्या संस्था देतात. विद्यापीठ एलएलबीची पदवी देते. अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम १७ प्रमाणे राज्य बार कौन्सिल आपले नाव वकिलांच्या नोंदवहीत घालते आणि त्या नोंदणीचा दाखला देते. या दाखल्यालाच आपण सनद म्हणतो. महाराष्ट्र, गोवा, दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव यांच्यासाठी एकच कौन्सिल आहे, बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा, आणि तिचे कार्यालय मुंबईत आहे. तिसरा कागद बार कौन्सिल ऑफ इंडियाचा. अखिल भारतीय बार परीक्षा, म्हणजे एआयबीई, उत्तीर्ण झाल्यावर ‘सर्टिफिकेट ऑफ प्रॅक्टिस’ मिळते आणि बोलताना सगळे त्याला सीओपी म्हणतात. सनद आहे पण सीओपी नाही, अशा व्यक्तीला मर्यादित मुदतीपुरतीच वकिली करता येते (प्रश्न ११). बार परीक्षा उत्तीर्ण झाली पण नोंदणी झाली नाही, अशा व्यक्तीला मात्र एक दिवसही वकील म्हणून उभे राहता येत नाही.

२. आधी सनद काढायची की आधी परीक्षा द्यायची? मी अजून शेवटच्या वर्षाला आहे.

पूर्वी सनद आधी आणि परीक्षा नंतर असाच क्रम होता. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १० फेब्रुवारी २०२३ रोजी बोनी फोई लॉ कॉलेज प्रकरणात ही परीक्षा वैध ठरवली आणि ती नोंदणीच्या आधी घ्यावी की नंतर, हे ठरवण्याचा अधिकार बार कौन्सिल ऑफ इंडियाचा असल्याचे सांगितले. शेवटच्या सत्राच्या विद्यार्थ्यांनाही परीक्षेला बसू द्यावे, असा विचार त्याच निकालात मांडलेला आहे. त्यानंतर सप्टेंबर २०२४ मध्ये न्यायालयाच्या अंतरिम आदेशाने शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना १९व्या परीक्षेचे दार उघडले आणि पुढच्या परीक्षेतही ते उघडे राहिले.

माझा सल्ला असा की, अधिसूचनेच्या पात्रता कलमात आपण बसत असाल तर शेवटच्या वर्षातच परीक्षा देऊन टाकावी. अभ्यास ताजा असतो आणि सनद मिळाल्यानंतरची दोन वर्षे टांगती तलवार राहत नाही. तरीही विद्यापीठाच्या परीक्षेत एक विषय जरी राहिला, तरी बार परीक्षेचा निकाल सनद मिळवून देत नाही, हे ध्यानात असावे.

३. मी अठ्ठावन्न वर्षांचा निवृत्त शिक्षक आहे. निवृत्तीच्या सुमारास एलएलबी केले. आता सनद मिळेल का?

मिळेल. कलम २४ मध्ये किमान वय २१ वर्षे दिलेले आहे, कमाल वय दिलेले नाही. पंचेचाळिशीनंतर नोंदणी नाकारणारा नियम बार कौन्सिल ऑफ इंडियाने केला होता, तो सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली रद्द केला. निवृत्तिवेतनाचाही अडसर नाही, कारण आक्षेप चालू नोकरीला असतो. अर्जात पूर्वीच्या नोकरीची माहिती आणि कार्यमुक्तीचा आदेश मात्र जोडावा.

पदवीकडे नीट पाहावे लागते. पत्राचाराने घेतलेली कायद्याची पदवी नोंदणीसाठी चालत नाही. दहावी-बारावी न करता थेट मुक्त विद्यापीठातून पदवी घेऊन मग तीन वर्षांच्या एलएलबीला प्रवेश घेतलेल्यांची अडचणही खरी आहे, कारण २००८ च्या विधी शिक्षण नियमांत पायाभूत शिक्षण क्रमाने झालेले असावे अशी अट आहे. अशा व्यक्तींनी कॉलेजची फी भरण्याआधीच बार कौन्सिलकडे लेखी विचारणा करावी. तीन वर्षे खर्ची पडल्यावर हे कळलेले लोक मी पाहिले आहेत आणि त्यांना द्यायला माझ्याकडे उत्तर नसते.

४. सनदेची फी खरी किती? कोणी सात हजार सांगतो, कोणी पंधरा हजार.

कलम २४(१)(फ) प्रमाणे राज्य बार कौन्सिलचे ६०० रुपये आणि बार कौन्सिल ऑफ इंडियाचे १५० रुपये, असे एकूण ७५० रुपये होतात. अनुसूचित जाती व जमातींच्या उमेदवारांसाठी हेच आकडे १०० आणि २५ रुपये आहेत. याखेरीज मुद्रांक शुल्क लागू असेल तेवढे द्यावे लागते.

आपण ऐकलेले मोठे आकडे जुन्या काळचे आहेत. निरनिराळ्या राज्यांत ग्रंथालय, कल्याण निधी, पडताळणी, ओळखपत्र अशा शीर्षकांखाली जादा रकमा घेतल्या जात असत. ३० जुलै २०२४ रोजी गौरव कुमार विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, नोंदणीच्या वेळी कायद्यात दिलेल्या रकमेपेक्षा अधिक काहीही घेता येणार नाही. मासेमारी करणाऱ्या घरातली किंवा कातकरी वाडीवरची पहिली मुलगी वकील होते, तेव्हा ७५० आणि पंधरा हजार यांतल्या फरकाचा अर्थ त्या घराला विचारावा. हा निकाल पुढील काळासाठी आहे, त्यामुळे त्याआधी भरलेली जादा रक्कम परत मिळत नाही. एआयबीईचे शुल्क निराळे आहे. १९व्या परीक्षेला ते सर्वसाधारण व इतर मागासवर्गीय उमेदवारांसाठी ३,५०० आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी २,५०० रुपये होते.

५. सनदेच्या अर्जासाठी कोणकोणते कागद लागतात? एका खेपेत काम होईल का?

कागद आधी घरीच तपासले, तर होते. जन्मतारखेसाठी दहावीचे प्रमाणपत्र किंवा शाळा सोडल्याचा दाखला, बारावीची आणि पहिल्या पदवीची गुणपत्रिका, एलएलबीच्या प्रत्येक सत्राची गुणपत्रिका, पदवी किंवा तात्पुरते पदवी प्रमाणपत्र, काळा कोट आणि पांढऱ्या बँडमधली छायाचित्रे, सवलत घ्यायची असल्यास जातीचा दाखला आणि प्रतिज्ञापत्रे लागतात. कोणत्याही नोकरीत वा धंद्यात नाही आणि फौजदारी प्रकरण आहे किंवा नाही, हे प्रतिज्ञापत्रात शपथेवर सांगायचे असते. पदवी आणि अर्ज यांत मोठे अंतर पडले असेल, तर त्या काळात आपण काय करत होता, त्याचेही प्रतिज्ञापत्र मागितले जाते.

सर्वांत जास्त अर्ज अडकतात ते एटीकेटीच्या गुणपत्रिकेवर. तिसऱ्या सत्रात एक विषय राहिला, तो पुढे सुटला, आणि उमेदवार फक्त शेवटची ‘उत्तीर्ण’ असे लिहिलेली गुणपत्रिका घेऊन येतो. कौन्सिलला दोन्ही लागतात, कारण पहिल्या कागदावर बाकीच्या विषयांचे गुण असतात. सर्व कागद सत्राच्या क्रमाने लावावेत, प्रत्येकाच्या तीन साक्षांकित प्रती काढाव्यात आणि मूळ संच वेगळा ठेवावा. जून ते सप्टेंबरात प्रवास असेल, तर तो संच जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड नीट बांधावे. एसटीच्या गळक्या खिडकीशेजारी रात्रभर मांडीवर राहिलेली फाईल मी पाहिली आहे. विद्यापीठाच्या शिक्क्याची जांभळी शाई शेजारच्या दोन पानांवर उतरली होती आणि नोंदणी क्रमांकाचे शेवटचे तीन आकडे वाचता येत नव्हते.

६. दहावीच्या दाखल्यावर माझे आडनाव ‘गावकर’ आहे, पदवीवर ‘परब’, आणि आता लग्नानंतरचे निराळे. सनद कोणत्या नावाने निघेल?

कोकणात हा प्रश्न घरोघरी आहे. मूळ आडनाव, गावावरून पडलेले आडनाव आणि मानाचे किंवा कामाचे आडनाव, यांपैकी शाळेत घालायला नेणाऱ्या काकांनी जे सांगितले, ते हजेरीपटावर चढते. ‘गावकर’ आणि ‘परब’ ही एकाच व्यक्तीची नावे आहेत, हे वाडीत सर्वांना ठाऊक असते, पण नोंदणी समितीसमोर फक्त कागद असतो.

सनद शक्यतो एलएलबीच्या पदवीवर असलेल्या नावाने काढावी. त्याआधीच्या कागदांवर वेगळे नाव असेल, तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातील नावबदलाची अधिसूचना आणि दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र जोडावे. विवाहानंतरचे नाव हवे असेल, तर विवाह नोंदणीचा दाखलाही लावावा. इंग्रजी स्पेलिंगमधल्या एका अक्षराच्या फरकाकडे दुर्लक्ष करू नये. बार परीक्षेचा अर्ज, सनद आणि आधार यांवरचे स्पेलिंग जुळले नाही, तर पुढे सीओपीवर चुकीचे नाव छापून येते आणि ती दुरुस्ती म्हणजे आणखी एक पत्रव्यवहार होतो. राजपत्राचे काम एलएलबीच्या दुसऱ्या वर्षातच उरकून घ्यावे, असे मी प्रत्येक मुलीला सांगतो.

७. चिपळूणच्या पुरात माझे सगळे मूळ कागद गेले. आता सनदेसाठी काय दाखवू?

२२ जुलै २०२१ च्या पुरात वाशिष्ठीचे पाणी बाजारपेठेत आणि घरांत शिरले, तेव्हापासून हा प्रश्न थांबलेला नाही. प्रत्येक कागदाची दुय्यम प्रत तो देणाऱ्या संस्थेकडूनच मिळते. दहावी-बारावीसाठी शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे अर्ज करावा. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांसाठी हल्ली कोकण विभागीय मंडळ आहे, पण आपली परीक्षा ज्या मंडळाने घेतली, त्याचे नाव आधी पाहावे. पदवीसाठी विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडे जावे लागते. सोबत पोलीस ठाण्यातील नोंद, पंचनाम्याची प्रत असल्यास ती आणि प्रतिज्ञापत्र द्यावे. डिजिलॉकरमध्ये गुणपत्रिका उपलब्ध आहे का, हे सर्वांत आधी पाहावे, म्हणजे निदान क्रमांक हाती लागतात. सनदच हरवली असेल, तर दुय्यम सनदेचा अर्ज बार कौन्सिलकडे याच कागदांसह करता येतो. सनद हरवल्याने नोंदणी जात नाही. नाव नोंदवहीत कायम असते आणि वकिली चालू ठेवता येते.

८. एआयबीईचे स्वरूप कसे असते? किती गुणांना पास?

एकाच दिवशी, एकच पेपर असतो. १०० वस्तुनिष्ठ प्रश्न आणि साडेतीन तासांचा वेळ मिळतो आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा ठेवू नये. सर्वसाधारण आणि इतर मागासवर्गीय उमेदवारांना ४५ टक्के, तर अनुसूचित जाती, जमाती आणि दिव्यांग उमेदवारांना ४० टक्के गुण लागतात.

संविधान, दिवाणी प्रक्रिया संहिता आणि फौजदारी प्रक्रिया यांना प्रत्येकी १० प्रश्न असतात. दंडविधान, पुरावा, कौटुंबिक कायदे आणि करार-मालमत्ता-परक्राम्य दस्तऐवज हा गट यांना प्रत्येकी ८ प्रश्न असतात. या सात गटांतच ६२ गुण आहेत. कामगार कायदे, कर, लवाद, अपकृत्य, व्यावसायिक नीती, पर्यावरण, सायबर, कंपनी, भूसंपादन वगैरे उरलेले बारा विषय दोन ते पाच प्रश्नांचे आहेत. जिल्हा न्यायालयात ज्येष्ठांच्या मागे वर्षभर उभ्या राहिलेल्या मुलांना दिवाणी प्रक्रिया अवघड जात नाही, ती अडखळतात ती करात आणि कंपनी कायद्यात. १९व्या परीक्षेपासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष अधिनियम यांवर प्रश्न येतात, त्यामुळे केवळ जुन्या प्रश्नपत्रिकांवर विसंबू नये.

उत्तरपत्रिकेवर प्रश्नपुस्तिकेचा संच काळा करायला विसरू नका. पेपर चांगला जाऊनही केवळ त्या एका वर्तुळापायी निकाल अडकलेले उमेदवार प्रत्येक वेळी असतात.

९. परीक्षा मराठीत देता येते का? आणि कोणती पुस्तके नेता येतात?

मराठीत देता येते. अर्ज भरतानाच भाषा निवडायची असते. मराठी माध्यमातून शिकलेल्यांनी न्यूनगंड न ठेवता ती निवडावी. एवढेच की, भाषांतरातला शब्द कधी कधी आपल्या कानावरचा नसतो, म्हणून ‘मनाई हुकूम’ आणि ‘व्यादेश’, ‘कैफियत’ आणि ‘लेखी जबाब’ असे जोडीने वापरले जाणारे शब्द दोन्ही रूपांत ओळखीचे असावेत.

पुस्तके नेऊन पाहून लिहिण्याची पूर्वीची पद्धत २०२१ मधील १६व्या परीक्षेपासून बंद झाली. आता फक्त बेअर अ‍ॅक्ट, म्हणजे टीपा आणि भाष्य नसलेला कायद्याचा मूळ मजकूर नेता येतो. बहुतेकांकडे असलेल्या पुस्तकांत कलमाखाली बारीक अक्षरांत निकालांचा सारांश असतो, आणि मुखपृष्ठावर ‘बेअर अ‍ॅक्ट’ छापलेले असले तरी असे पुस्तक दारातच बाजूला काढले जाऊ शकते. माझ्याबरोबर आलेल्या एका विद्यार्थिनीच्या पुराव्याच्या कायद्यात एकाच कलमाशेजारी पेन्सिलीने ‘महत्त्वाचे’ असे लिहिले होते. पर्यवेक्षकांनी पाने उलटताना ते पाहिले आणि पुस्तक ठेवून घेतले. खोडरबर तिच्या हातातच होता. परीक्षेसाठी वेगळा, कोरा संच विकत घ्यावा आणि त्यात रेघही मारू नये.

१०. परीक्षेचे केंद्र रत्नागिरीला किंवा सिंधुदुर्गात मिळेल का?

तसे धरून चालू नये. अर्जात जी शहरे दाखवली जातात, त्यांतूनच पसंतीक्रम द्यायचा असतो, आणि आपल्याकडील उमेदवारांना साधारणपणे मुंबई किंवा पुणे गाठावे लागते. एकदा दिलेले केंद्र बदलून मिळेल, या भरवशावर राहू नये.

५ फेब्रुवारी २०२३, १० डिसेंबर २०२३, २२ डिसेंबर २०२४ आणि ३० नोव्हेंबर २०२५ या चारही तारखा रविवारच्या होत्या. शनिवारी रात्री कोकणकन्या किंवा तुतारीने निघून रविवारी सकाळी उतरायचे आणि थेट केंद्रावर जायचे, असा बेत बरेच जण करतात. तो करू नये. एकेरी मार्गावर क्रॉसिंगला गाडी दोन तास थांबली की सगळे हिशेब चुकतात, आणि प्रवेशद्वार बंद झाल्यावर गाडीच्या उशिराची सबब ऐकली जात नाही. शुक्रवारी रात्री निघावे आणि शनिवारी केंद्र प्रत्यक्ष पाहून यावे. डिसेंबरात पर्यटकांमुळे परतीचे आरक्षणही लवकर भरते, तेव्हा तारीख जाहीर होताच दोन्ही तिकिटे काढावीत.

११. मी दोनदा नापास झाले. सनद रद्द होईल का?

होणार नाही. किती वेळा परीक्षा द्यावी, यावर मर्यादा नाही, दर वेळी शुल्क मात्र भरावे लागते. अडचण मुदतीची आहे. सनद घेताना आपण दोन वर्षांत परीक्षा उत्तीर्ण होण्याची हमी दिलेली असते आणि तेवढ्या काळापुरतीच वकिलीची मुभा असते. ती उलटली की उत्तीर्ण होईपर्यंत न्यायालयात उभे राहणे आणि वकीलपत्रावर सही करणे थांबवावे लागते. प्रश्न १० मधील तारखा पाहिल्या, तर दोन परीक्षांमध्ये दहा ते बारा महिने गेलेले दिसतील. त्या हिशेबाने दोन वर्षांत दोनच संधी येतात, फार तर तीन. मुदत उलटत असेल, तर चालू दाव्यांत आपल्या ज्येष्ठांचे वकीलपत्र आधीच दाखल करून घ्यावे, म्हणजे पक्षकाराचे नुकसान होत नाही.

१२. माझे एलएलबी २००६ चे आहे, पण सनद आता काढतोय. मला ही परीक्षा लागू आहे का?

नाही. २००९-१० या शैक्षणिक वर्षापासून पुढे उत्तीर्ण झालेल्यांना ती लागू आहे आणि येथे सनदेचे नव्हे, तर पदवीचे वर्ष पाहिले जाते. मधल्या वर्षांचे प्रतिज्ञापत्र मात्र द्यावे लागेल (प्रश्न ५).

१३. सनद येईपर्यंत ज्येष्ठ वकिलांकडे जातो. तोवर काय केलेले चालते?

ज्येष्ठांच्या हाताखाली मसुदे लिहावेत, नकला काढाव्यात, दावे वाचावेत, पक्षकाराचे म्हणणे टिपून घ्यावे, न्यायालयात मागे बसून उलटतपास ऐकावा. हे दिवस पुन्हा मिळत नाहीत. परंतु वकील म्हणून वकीलपत्रावर सही करणे, तारीख मागण्यासाठीसुद्धा वकील म्हणून उभे राहणे किंवा बँड लावून बाररूममध्ये वावरणे, यांतले काहीही करू नये. कलम ३३ प्रमाणे नोंदणीकृत वकिलाखेरीज कोणालाही व्यवसाय करता येत नाही आणि कलम ४५ मध्ये त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास आहे. कलम ३२ खाली न्यायालय एखाद्या विशिष्ट प्रकरणात कोणालाही बाजू मांडण्याची परवानगी देऊ शकते, पण ती परवानगी त्या प्रकरणापुरतीच असते. ‘साहेब ओळखतात’ म्हणजे परवानगी नव्हे.

१४. आमची हापूसची बाग आणि काजूचा कारखाना आहे, शिवाय घरी पर्यटकांसाठी होमस्टे चालतो. वकील झाल्यावर हे सगळे सोडावे लागेल का?

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ४७ प्रमाणे वकिलाला स्वतः कोणताही व्यवसाय चालवता येत नाही. धंदा प्रतिष्ठेला बाधक नसल्याचे राज्य बार कौन्सिलचे मत असेल, तर त्या भागीदारीत निष्क्रिय भागीदार म्हणून राहता येते. वारशाने आलेल्या कौटुंबिक धंद्यासाठी नियम ५० आहे: हिस्सा ठेवता येतो, नफा घेता येतो, पण व्यवस्थापनात स्वतः भाग घेता येत नाही.

त्यामुळे प्रत्येक गोष्ट वेगळी पाहावी. वडिलोपार्जित जमीन आणि कलमे आपल्या नावावर असणे म्हणजे धंदा चालवणे नव्हे. काजूच्या कारखान्यात हिस्सा असू द्यावा, पण परवाना, बँकेच्या सह्या आणि कामगारांचा कारभार भाऊ किंवा अन्य भागीदार पाहत असावेत आणि ते कागदावर दिसावे. होमस्टेची नोंदणी आपल्या नावावर असेल आणि बुकिंगचा फोन आपणच घेत असाल, तर तो व्यवसाय स्वतः चालवणे झाले. तो सनदेआधी घरातील दुसऱ्या व्यक्तीच्या नावावर करावा, आणि नाव बदलल्यावर कारभारही खरोखर सोडावा. दुसरा पेशा सोबत चालवण्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये हनिराज चुलानी प्रकरणात स्पष्ट निकाल दिला आहे. त्यातले अर्जदार डॉक्टर होते, त्यांना वैद्यकी चालू ठेवून सनद हवी होती, आणि ती नाकारणाऱ्या महाराष्ट्र व गोव्याच्या कौन्सिलचा नियम न्यायालयाने योग्य ठरवला.

१५. सनद घेऊन नोकरी करता येईल का? आखातात एका कंपनीत कायदा अधिकाऱ्याची जागा मिळते आहे.

पूर्णवेळ पगारी नोकरी आणि वकिली एकत्र चालत नाही (नियम ४९). नोकरीवर रुजू होण्याआधी बार कौन्सिलला कळवून सनद स्थगित करून घ्यावी. परत आल्यावर ती अर्ज करून पुन्हा सुरू करता येते. न कळवता जाणे हा गैरवर्तनाचा विषय होतो आणि मधली वर्षे अनुभव म्हणून मोजलीही जात नाहीत. न्यायालयात प्रत्यक्ष काम चालवण्यासाठीच नेमलेल्या सरकारी अभियोक्त्यांची गोष्ट वेगळी आहे. ते वकीलच राहतात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये म्हटले आहे. लॉ कॉलेजात दिवसाला तीन तासांपर्यंत कायदा शिकवण्याची मोकळीक १९७९ च्या नियमांनी दिलेली आहे. इतर अर्धवेळ काम घ्यायचे असल्यास नियम ५२ प्रमाणे आधी कौन्सिलची संमती लागते.

१६. मी सावंतवाडीची. पेडणे, म्हापशाला वकिली करायची तर गोव्याची वेगळी सनद लागेल का? आणि कारवारला?

गोव्यासाठी काहीच बदलावे लागत नाही, कारण कौन्सिल एकच आहे. कायद्याचा अभ्यास मात्र वेगळा करावा लागेल. गोव्यात विवाह आणि मालमत्तेला पोर्तुगीज नागरी संहितेचा वारसा आहे, वारसा हक्काची प्रकरणे इन्व्हेंटरी कार्यवाहीने, म्हणजे मृताच्या मालमत्तेची यादी करून वाटणी करण्याच्या न्यायालयीन प्रक्रियेने चालतात, आणि यांतले जवळजवळ काही बार परीक्षेच्या अभ्यासात येत नाही.

कारवार कर्नाटकात आहे. कलम ३० मुळे देशातल्या कोणत्याही न्यायालयात उभे राहण्याचा हक्क आपल्याला आहे, परंतु परराज्यातील वकिलाने स्थानिक वकिलासोबत हजर राहावे, असे नियम उच्च न्यायालये करू शकतात, म्हणून तेथील नियम आधी वाचावेत. कायमचे तिकडेच बस्तान बसवायचे असेल, तर कलम १८ खाली नाव कर्नाटकच्या नोंदवहीत वर्ग करून घ्यावे. या बदलीला कायद्याने शुल्क नाही आणि ज्येष्ठताही जात नाही. दोन राज्यांत एकाच वेळी नोंदणी ठेवता येत नाही.

१७. कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे खंडपीठ झाले. तिथे काम करायला वेगळी नोंदणी लागते का?

लागत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचे सर्किट बेंच सुरू झाले असून रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोन्ही जिल्हे त्याच्या कक्षेत आहेत. रायगडची प्रकरणे मुंबईतच चालतात. ओरोसच्या किंवा कणकवलीच्या वकिलाला सकाळी घाट चढून संध्याकाळी घरी परतता येते, हा आपल्याकडच्या नव्या वकिलांसाठी मोठाच बदल आहे. सनदेची आणि नोंदणीची कामे मात्र अजूनही मुंबईच्या कार्यालयाशीच निगडित आहेत.

१८. मला न्यायाधीश व्हायचे आहे. तीन वर्षांची वकिली सनदेपासून मोजतात की बार परीक्षेपासून?

२० मे २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली आणि ही वर्षे तात्पुरत्या नोंदणीच्या तारखेपासून मोजावीत, असे सांगितले. म्हणजे बार परीक्षा उशिरा उत्तीर्ण झालात, तरी सनदेची तारीख धरली जाते. एका गुणपत्रिकेसाठी अर्ज दोन महिने अडला, तर ते दोन महिने येथे कमी पडतात आणि कधी कधी अख्खी भरती हुकते.

वकिली केल्याचा दाखला त्या न्यायालयाच्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्यांचा लागतो, किंवा किमान दहा वर्षे वकिली झालेल्या वकिलांचा, ज्यावर प्रमुख न्यायिक अधिकाऱ्यांची पुष्टी असेल. म्हणून पहिल्या दिवसापासून वहीत तारीख, दावा क्रमांक आणि आपण काय काम केले, याची नोंद ठेवावी. न्यायाधीशांकडे विधी लिपिक म्हणून केलेले कामही या मुदतीत धरले जाते.

१९. गावातल्या आंदोलनात माझ्यावर गुन्हा दाखल झाला होता. सनद नाकारतील का?

गुन्हा दाखल होणे आणि दोषी ठरणे, यांत कायदा फरक करतो. कलम २४अ प्रमाणे नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेली व्यक्ती, किंवा अशाच आरोपावरून सरकारी नोकरीतून काढून टाकलेली व्यक्ती अपात्र ठरते. शिक्षेची ही अपात्रता सुटकेनंतर दोन वर्षांनी संपते आणि परिवीक्षा (प्रोबेशन) कायद्याखाली सोडलेल्यांना ती लागू होत नाही. जमावबंदी मोडल्याचा प्रलंबित खटला यात बसत नाही.

धोका लपवण्यात आहे. प्रतिज्ञापत्रात ‘कोणतेही प्रकरण नाही’ असे लिहिले आणि पुढे ते निघाले, तर चुकीच्या माहितीवर मिळवलेली नोंदणी म्हणून कलम २६ खाली नाव काढून टाकता येते, मग मूळ गुन्हा किती का किरकोळ असेना. गुन्हा क्रमांक, कलमे, दोषारोपपत्राची प्रत आणि प्रकरणाची सद्यःस्थिती लिहून अर्जासोबतच द्यावी. नोंदणी समितीला अर्ज नाकारावासा वाटला, तर तो कारणांसह बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे मतासाठी पाठवावा लागतो, राज्य कौन्सिल परस्पर नाकारू शकत नाही. आणि ‘इथे नाही तर दुसऱ्या राज्यात काढू’ हा मार्गही कलम २७ ने बंद केलेला आहे: एकदा नाकारलेल्या व्यक्तीला, नाकारणाऱ्या कौन्सिलच्या लेखी संमतीशिवाय आणि बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या परवानगीशिवाय दुसरीकडे नोंदणी मिळत नाही. म्हणून अशा प्रकरणांत पहिलाच अर्ज जाणकार वकिलाला दाखवून मगच भरावा.